जत्रेतलं शोभेचं दारूकाम: परवानगी कुणाची काढायची आणि दारू उडवणारा माणूस पात्र आहे हे कसं ओळखायचं?

गदगेसमोर

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं आमचं गाव. येत्या वैशाखात श्री महालक्ष्मीची यात्रा आहे, तीही बऱ्याच वर्षांनी. घरं रंगवून झाली, माहेरवाशिणींना सांगावे गेले, रथाचं काम सुतारांकडे सुरू आहे. कमिटीत असं ठरतंय की देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या आसनावर, विराजमान झाली की त्या रात्री मोठं दारूकाम करायचं. एका सभासदाने बाहेरगावच्या पार्टीचा दर आणलाय. त्या कागदावर औट (आकाशात जाऊन फुटणारे गोळे), चक्रं, झाडं सगळ्याचे आकडे आहेत आणि खाली एकच ओळ: "परवाना वगैरे आमच्याकडे आहे."

कमिटीतली कागदपत्रं मी बघतो. त्या एका ओळीवर विसंबून सही करायला माझा हात धजत नाही. यात्रेला हजारो माणूस येणार, लहान पोरं येणार. मला नीट समजून घ्यायचंय. परवानगी कमिटीने काढायची की पार्टीने? कुणाकडून? आणि प्रत्यक्ष वात पेटवणारा माणूस शिकलेला आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी तपासायचं कसं? कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा.

शहापूर_पेठ

एवढं काही नसतं हो. आमच्या गल्लीतले दोघं दरवर्षी दिवाळीत मैदानावर स्टॉल टाकतात, त्यांच्याकडे परवाना असतो. त्यांच्याकडूनच माल घ्या, त्यांच्याच परवान्यावर होऊन जाईल.

निवृत्त_शिरस्तेदार

वरच्या सल्ल्यावर कृपा करून जाऊ नका. महसूल खात्यात माझी नोकरी झाली, असल्या फायली हाताखालून गेल्या आहेत.

मूळ कायदा १८८४ चा, स्फोटकांचा. त्याच्याखाली २००८ चे नियम आहेत. शोभेची दारू त्या नियमांत सातव्या वर्गात येते. माल तयार करणं, साठवणं, विकणं, वाहून नेणं आणि लोकांसमोर उडवणं ही कायद्याच्या नजरेत वेगवेगळी कामं आहेत. एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही. दिवाळीचा स्टॉल म्हणजे ठराविक दिवसांपुरता विक्रीचा तात्पुरता परवाना. त्यात दोन स्टॉलमध्ये तीन मीटर अंतर ठेवा, स्टॉल समोरासमोर लावू नका, एका ठिकाणी पन्नासाहून जास्त नकोत, असल्या अटी असतात. त्या दुकानदाराला जत्रेत आकाशात औट सोडायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

सार्वजनिक दारूकामाची परवानगी जिल्हा दंडाधिकारी देतात, म्हणजे आपल्याकडे डीसी. डीसी ऑफिसात अर्ज गेला की तो पोलिसांकडे आणि अग्निशामक दलाकडे अहवालासाठी जातो, तहसीलदारांकडून जागेची पाहणी होते. इथे बेळगावकरांनी एक गोष्ट आधी बघावी. तालुक्यातली बरीच गावं पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहेत, खानापूर, चिकोडी, निपाणीकडची एसपींच्या हद्दीत. तुमचं ठाणं कुणाखाली येतं आणि त्यानुसार अर्ज कुणाकडे द्यायचा ते आधी विचारून घ्या. चुकीच्या दारात अर्ज पडला की यात्रा जवळ येते आणि फाईल फिरतच राहते.

अर्ज कमिटीच्या नावाने करा. सोबत जागेचा उतारा, मालकाची लेखी संमती, ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र, अंतरं दाखवणारा जागेचा नकाशा, मालाचे प्रकार आणि वजन, माल कुठून येणार, कुठे ठेवणार, पार्टीच्या परवान्याची प्रत, आणि प्रत्यक्ष उडवणाऱ्या माणसांची नावं व पात्रतेचे कागद. विमा असेल तर त्याचीही प्रत. असं सगळं एकत्र दिलं की साहेबांचे प्रश्न कमी येतात. निदान दोन महिने आधी द्या.

गदगेसमोर

काका, फार उपकार झाले. आमचं गाव आयुक्तालयाच्या हद्दीत येतं, आत्ताच ठाण्यात फोन करून विचारलं.

उसाचा_फड

निपाणीकडचा शेतकरी हाय मी. कागदाचं तुमी बघाच, पण वाऱ्याचं कोण बघणार? वैशाखात आपल्याकडं वळीव हाय. दुपारी आभाळ भरतंय, सांच्याला असा वारा सुटतोय की मंडपाची कापडं फाटत्यात. आमच्या पावण्यांच्या गावात जत्रंत औट वाऱ्यानं वाकडा गेला, पेटतं निखारं पिंजराच्या गंजीवर. तीन घरांची वैरण गेली, एक गोठा गेला. जनावरं कशी तरी सोडली म्हणून वाचली. त्या पार्टीची माणसं टेम्पो भरून रातोरात गेली. कमिटीनं वर्गणी काढून वैरण भरून दिली.

जागा बघताना वाऱ्याच्या खालच्या अंगाला काय हाय ते बघा. गंजी, गोठा, शेणीचा हुडवा, तंबाखूची वखार, काय बी.

माजी_अग्निशामक

फडवाले भाऊंचा मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे. मी अग्निशामक दलात होतो. जागेची पाहणी करताना आम्ही आधी वर बघायचो, मग खाली. वर म्हणजे हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, तारा, झाडांच्या फांद्या, मंदिराचं शिखर, मोबाईल टॉवर. खाली म्हणजे वाळकं गवत, गंज्या, गाड्यांचा तळ, आणि लोक पळाले तर कुठून पळतील त्या वाटा.

औटाची ताकद त्याच्या जाडीवर ठरते. साधारण हिशेब असा की एक इंच व्यासाला शंभर फूट उंची. तीन इंची औट तीनशे फुटांवर फुटतो, सहा इंची सहाशेवर. अमेरिकेत या कामाची एनएफपीए ११२३ नावाची संहिता आहे. तिच्यात प्रेक्षकांचं अंतर औटाच्या दर इंचाला ७० फूट धरतात. तीन इंचाला २१० फूट, म्हणजे ६४ मीटर. सहा इंचाला १२८ मीटर. आपल्या पुष्कळ गावांत देवळासमोरचं पटांगण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एवढं भरत नाही. म्हणून मोठा औट देवळासमोर उडवायचाच नाही, पार्टी कितीही म्हणो.

आपल्याकडे केंद्र सरकारने ११ ऑक्टोबर २०२४ ला स्फोटक नियमांत दुरुस्ती काढली. साठ्याचं ठिकाण आणि उडवण्याची जागा यांत २०० मीटर, उडवण्याची जागा आणि प्रेक्षक यांत १०० मीटर. केरळात त्रिशूरच्या पूरम उत्सववाल्यांनी यावर मोठा आवाज उठवला, कारण तिथलं मैदान गावाच्या मधोमध आहे. त्यांच्या भावना मला कळतात. पण २०० मीटरचा नियम कुठून आला तेही लक्षात घ्या. १० एप्रिल २०१६ ला पहाटे कोल्लम जिल्ह्यात परवूरच्या पुट्टिंगल देवळात ठिणगी थेट साठ्याच्या खोलीत गेली आणि शंभरावर माणसं मेली. जिल्हा प्रशासनाने तिथे परवानगी नाकारली होती, तरीही दारूकाम झालं. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीला कासरगोड जिल्ह्यात नीलेश्वरमच्या देवळात परत तेच. साठा उडवण्याच्या जागेला लागून, परवानगी नाही, दीडशेहून जास्त माणसं भाजली.

दोन्हीकडे मूळ दोष एकच, साठा शेजारी. तुमच्या पार्टीला पहिला प्रश्न हाच विचारा की टेम्पो कुठे उभा करणार. माल उतरवून देवळाच्या पडवीत ठेवतो म्हणाले तर त्यांना तिथूनच परत पाठवा.

मलप्रभेकाठ

खानापूरहून. नियमांचं सगळं बरोबर आहे, पण मला एक वाटतं ते सांगते. यात्रा ही गावाची. पंचवीस-तीस वर्षांनी लक्ष्मी येते. आमच्या आजीच्या तोंडी तिच्या वेळच्या यात्रेतल्या दारूकामाचं वर्णन असायचं, कुठलं झाड कसं फुललं ते. अंतर, नकाशा, उतारा करत बसलो तर छोट्या गावांनी हे सोडूनच द्यायचं का?

गदगेसमोर

ताई, सोडायचं नाही म्हणूनच विचारतोय. गावाला आनंद हवाच आहे.

हायवे_चार

एक महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला अत्तिबेलेला, बेंगळुरूच्या बाजूला तमिळनाडूच्या सीमेवर, फटाक्यांच्या दुकान-गोदामाला आग लागली. चौदाहून अधिक माणसं गेली, बरीचशी दिवाळीपुरती कामाला आलेली तरुण पोरं. त्यानंतर मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी राजकीय मेळावे, मिरवणुका, लग्नं यांत फटाके उडवायला बंदी जाहीर केली, आणि राज्यात फक्त हरित फटाके विकायचे असं सांगितलं. तुमच्या रथाच्या मिरवणुकीत पोरं माळा लावणार असतील तर ते आधीच थांबवा. मिरवणुकीतल्या एका माळेपायी मैदानावरची परवानगीही अडकेल. ठाण्यातला पहिला प्रश्न तोच असतो.

निवृत्त_शिरस्तेदार

बरोबर. आणि वेळेचं राहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या निकालापासून रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारे फटाके चालत नाहीत. जत्रा असो की लग्न. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात बेरियम क्षार असलेले फटाके आणि एकत्र जोडलेल्या लडी बंद झाल्या. त्याच निकालात न्यायालयाने असंही सुचवलं की शक्य तिथे ठराविक जागी सामूहिक फटाके उडवावेत. तुमचा बेत त्या दिशेला जाणाराच आहे, अर्जात तसं लिहा.

गदगेसमोर

इथेच आमची अडचण आहे. देवी गदगेवर बसेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात. रथ ओढायला सगळं गाव लागतं, वाटेत ओट्या भरल्या जातात, तो वेळ कमी करता येत नाही. मानकऱ्यांना विचारल्याशिवाय काही हलवता येणार नाही.

मार्कंडेय_खोरं

आमच्या गावात हा पेच आला होता. आम्ही दारूकाम गदगेपासून सोडवलं. अक्षतारोपणाच्या, म्हणजे देवीच्या लग्नाच्या, दिवशी संध्याकाळी, दिवेलागण झाल्यावर साडेसात ते साडेआठ ठेवलं. म्हातारी माणसं, बाळंतिणी, लहान पोरं सगळ्यांनी जेवायच्या आधी बघितलं. रात्री अकराला दमलेल्या माणसांना नीट बघवतही नाही. मानकऱ्यांनी मान्य केलं, कारण देवीच्या विधीत कशालाच हात लागला नव्हता.

टोरोंटोतला_बेळगावकर

मूळ वडगावचा, आता कॅनडात. इथे मी हौस म्हणून या कामाचं प्रमाणपत्र घेतलंय. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर, म्हणजे माणूस पात्र आहे का, यावर इथली पद्धत सांगतो. तिकडे जशीच्या तशी लागू होणार नाही, पण विचारायचे प्रश्न त्यातून मिळतील.

इथे केंद्र सरकारचं नैसर्गिक संसाधन खातं दारूकाम करणाऱ्यांना कार्ड देतं. आधी सुरक्षा आणि कायद्याचा एक वर्ग, त्याच्यावर परीक्षा. पास झालात तर तुम्ही सहायक. सहायकाला एकट्याने कार्यक्रम करता येत नाही. पर्यवेक्षकाच्या हाताखाली प्रत्यक्ष कार्यक्रमांत राबायचं, त्यांनी तसं लिहून द्यायचं, मगच पर्यवेक्षकाचं कार्ड. आतषबाजीचं मैदान, त्यावरची औट सोडायची नळकांडी, वायरी, माणसं सगळं त्या एका पर्यवेक्षकाच्या ताब्यात. गावच्या महापौरानेही "अजून दोन उडवा" म्हटलं तरी तो नाही म्हणू शकतो. शिवाय त्या त्या गावच्या अग्निशामक दलाची परवानगी वेगळी. माणसाचं कार्ड आणि जागेची परवानगी या दोन गोष्टी इथे कधी मिसळत नाहीत.

सहायक असताना मला पहिलं शिकवलं ते हे: नळकांड्याच्या तोंडावर शरीराचा कुठलाही भाग आणायचा नाही, माल भरतानाही नाही. दुसरं, पेटवला आणि उडाला नाही तर त्याच्याजवळ जायचं नाही. थांबायचं. आपल्या जत्रांत मी लहानपणी उलट बघितलं होतं. औट उडाला नाही की एखादा धीट पोरगा वाकून बघायचा आणि लोक त्याला शाबासकी द्यायचे.

खडी_क्रशर

आमच्या गावात खाणीत सुरुंग लावणारा आहे, त्याच्याकडे सरकारी परवाना आहे. त्याला उभा केला तर चालेल ना? स्फोटकातला माणूस आहे.

माजी_अग्निशामक

नाही चालत. सुरुंगवाल्याचा परवाना खडक फोडण्यासाठी असतो. त्याच्या स्फोटकाची जात वेगळी, काम जमिनीच्या आत, आणि माणसं दूर पांगवून केलेलं. इथे माणसं जवळ बोलावून आकाशात उडवायचं असतं. त्याची सवय त्याला नसते. तो चांगला माणूस असेल, मदतीला घ्या, गर्दी अडवायच्या दोरीवर उभा करा. वात त्याच्या हाती नको.

औटवाला

मी कोल्हापूर जिल्ह्यातला. आमच्याकडे हे काम वाडवडिलांपासून. तासगाव तालुक्यात कवठे एकंदला विजयादशमीला सिद्धराजाच्या पालखीपुढे जे दारूकाम होतं ते बघून मी या धंद्यात शिरलो. माझ्या धंद्याविषयी इथे बरंच लिहिलं गेलंय, म्हणून मीही मनापासून लिहितो.

"परवाना वगैरे आमच्याकडे" असं लिहिणाऱ्याकडे बहुतेक वेळा साठ्याचा किंवा विक्रीचा परवाना असतो, तोही कधी कधी दुसऱ्याच्या नावावर. कागद बघा. केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना आहे, तिला पेसो म्हणतात, मुख्य कचेरी नागपुरात. तिच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक टाकून तो चालू आहे का ते बघता येतं. परवान्यावरचं नाव आणि तुमच्याशी बोलणाऱ्याचं नाव एकच आहे का, मुदत संपली नाही ना, आणि परवाना कुठल्या कामाचा आहे, एवढं तपासा. पेसोचे लोक प्रशिक्षण देतात. पार्टीतल्या कुणी ते घेतलंय का, त्याचा कागद मागा. ज्याने घेतलंय तो आनंदाने दाखवतो.

दुसरं, सीमा. महाराष्ट्रातून कर्नाटकात माल आणायचा तर वाटेतल्या वाहतुकीचे कागद लागतात. कोगनोळीच्या नाक्यावर गाडी अडली की तुमची यात्रा संपेपर्यंत ती तिथेच. आम्हाला कर्नाटकातलं काम घ्यायचं असलं की आधी कमिटीकडून डीसींच्या परवानगीची प्रत मागतो, मगच माल भरतो. जी पार्टी परवानगी मिळण्याआधीच माल आणून टाकते तिला तुमची काळजी नाही.

तिसरी गोष्ट मालाची. गंधक आणि क्लोरेट एकत्र केलेला माल १९९२ पासून बंद आहे. घर्षणाने, नुसत्या आपटण्याने पेट घेतो तो. स्वस्त दर दिसला की मी हे विचारतो: माल घरी बांधलेला आहे की परवान्याच्या कारखान्यातला? खोक्यावर कारखान्याचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. कोरं खोकं घेऊ नका. हरित फटाक्यांच्या खोक्यावर नागपूरच्याच नीरी संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो.

आणि नळकांडी. लोखंडी नळकांडं जागेवर फुटलं तर त्याच्या चिरफळ्या गोळीसारख्या जातात. आम्ही एचडीपीई प्लॅस्टिकची वापरतो, वाळूत गाडून, चौकटीत घट्ट बांधून, लोकांच्या उलट दिशेला किंचित कलती. वात हाताने न लावता वायरीने, लांबून. याला खर्च येतो. दर कमी करायला सांगणाऱ्या कमिट्यांना मी हात जोडून सांगतो, औट कमी करा, हे कमी करू नका.

मलप्रभेकाठ

औटवाले दादा, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून माझ्या आजीच्या झाडांची आठवण टिकेल. तुम्ही पोरांना शिकवता का?

औटवाला

शिकवतो, पण अठरा वर्षांच्या आतल्याला हात लावू देत नाही. कायद्यानेही चालत नाही. माझ्या मुलालाही अठरा पूर्ण होईपर्यंत फक्त चौकटी बांधायला दिल्या.

शहापूर_पेठ

मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं होतं, वाचून बरंच कळलं. एक शंका. समजा काही झालंच, तर गुन्हा कुणावर? पार्टीवर की कमिटीवर?

निवृत्त_शिरस्तेदार

परवानगी ज्याच्या नावावर, अटी पाळण्याची जबाबदारी त्याची. स्फोटक कायद्याखाली शिक्षा आहे, शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८८ आहे, स्फोटकांबाबत निष्काळजीपणाचं. अपघात झाला तर जवळच्या ठाण्याला आणि पेसोला लगेच कळवणंही कायद्याने बंधनकारक आहे. ते लपवलं तर तो आणखी वेगळा दोष.

माझं कळकळीचं सांगणं एकच आहे. करारपत्रात "पार्टी" असं मोघम लिहू नका. वात पेटवण्याचा हुकूम देणाऱ्या एका माणसाचं नाव लिहा. पूर्ण नाव, त्याच्या पात्रतेच्या कागदाची प्रत, आणि ही ओळ: वारा, गर्दी किंवा कुठल्याही कारणाने धोका वाटल्यास कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार त्याला राहील आणि त्यामुळे त्याचे पैसे कापले जाणार नाहीत. शेवटचा भाग सोडू नका. पैसे कापले जातील या भीतीने माणूस वाऱ्यातही पेटवतो. फायलींमध्ये मी बघितलेल्या अपघातांत कागद बहुतेक वेळा होते. नव्हता तो "थांबा" म्हणू शकणारा माणूस.

टोरोंटोतला_बेळगावकर

काका, हे अगदी खरं. इथे पर्यवेक्षकाचं कार्ड म्हणजे मुळात थांबवण्याचा अधिकार आहे. उडवायला फारसं लागत नाही.

उसाचा_फड

आन त्यो माणूस दुसऱ्या गावचा असंल तर आपल्यातला एक जण त्याच्याजवळ उभा करा. वारं कुटनं सुटतंय हे इथल्या माणसालाच कळतंय. आमच्याकडं वळवाचा वारा यायच्या आधी दहा मिन्टं धुरळ्याचा वास येतोय. बाहेरच्याला ते ध्यानात यायचं न्हाई.

गदगेसमोर

मंडळी, काल रात्री कमिटीची बैठक झाली. इथलं सगळं मी वाचून दाखवलं. काय ठरलं ते सांगतो.

आधीचा दर रद्द. त्या पार्टीला परवान्याची प्रत मागितली होती, त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या नावाचा विक्रीचा परवाना पाठवला आणि मुदतही संपलेली. दोन ठिकाणी नवीन चौकशी केली आहे, दोघांनाही उडवणाऱ्याचं नाव आणि कागद आधी मागितले आहेत.

जागा देवळासमोरून हलवली. तलावाच्या पलीकडे भातकापणीनंतर रिकामी असलेली शेतं आहेत, मालकाने संमती लिहून दिली. चार बाजूंनी पायांनी मोजलं, पुढच्या आठवड्यात टेपने मोजणार. लोक तलावाच्या अलीकडच्या बांधावर बसतील. मधे पाणी असल्याने दोरी ओलांडून कुणी जवळ जाण्याचा प्रश्न त्या बाजूला येत नाही. तीन इंचावरचा औट नाही. दोन गंज्या खालच्या अंगाला आहेत, त्या यात्रेआधी हलवायला मालक तयार आहेत, मजुरी कमिटी देईल.

वेळ अक्षतारोपणाच्या संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ. यावर मानकऱ्यांत बराच वाद झाला. शेवटी गावातल्या सगळ्यात वयस्कर मानकऱ्यांनी विचारलं की देवीच्या विधीत काही बदल होतोय का. नाही म्हटल्यावर ते हो म्हणाले. रथाच्या मिरवणुकीत माळ लागणार नाही, हे गल्लीगल्लीतल्या मंडळांकडून लिहून घेतोय. सगळ्यात अवघड काम तेच दिसतंय.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेताच्या एका कडेवरून हेस्कॉमची लाईन जाते, साधारण दीडशे मीटरवर. आणि सांबऱ्याला विमानतळ आहे, त्यांना कळवावं लागेल का?

माजी_अग्निशामक

लाईन तेवढ्यावर असेल तर तीन इंचाला अडचण नाही, पण नकाशात दाखवा आणि हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला पत्र द्या. कार्यक्रमाच्या वेळेत त्यांचा एक लाईनमन गावात असू दे. तार तुटली तर लगेच बंद करता येईल. बांधावर बसलेल्या लोकांसाठी दिवे मात्र वेगळ्या जनरेटरवर घ्या. अंधारात गर्दी उठली की तलावाची बाजू धोक्याची.

पाणी भरपूर ठेवा. बंब मागवा, त्याची फी भरावी लागते, ती भरा. तो मुख्य रस्त्याकडे तोंड करून उभा राहू दे. शेतात शिरला आणि वळवाचा पाऊस पडला तर रुतेल.

निवृत्त_शिरस्तेदार

विमानतळाबाबत: अर्जात अंतर लिहा आणि एक प्रत विमानतळाला द्या. तिथेच हवाई दलाचं ठाणंही आहे. पत्राची पोच फाईलला लावा, डीसी ऑफिस विचारण्याआधी उत्तर तयार असावं.

अर्ज कन्नडमध्ये द्या, म्हणजे टिपणी होताना वेळ जात नाही. सोबत मराठी प्रत कमिटीच्या सह्यांसाठी ठेवा. सही करणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक अट कळली पाहिजे, न वाचता सही नको. परवानगी आली की अटींचा कागद मराठीत लिहून देवळात लावा.

मलप्रभेकाठ

आणि सूचना लाऊडस्पीकरवर दोन्ही भाषांत. यात्रेला बैलहोंगलकडचे पाहुणे येतात, त्यांना कन्नडच कळतं. "दोरीच्या आत येऊ नका" हे ज्याला कळलं नाही तोच आत येतो. आमच्याकडे शाळेतल्या दोन शिक्षिकांनी हे काम केलं होतं, आवाज ओळखीचा असला की लोक ऐकतात.

औटवाला

कार्यक्रम संपल्यावरचं कुणी लिहिलं नाही. शेवटचा औट फुटला की लोक धावत येतात. दोरी तशीच ठेवा. उडवणाऱ्याने अर्धा तास थांबून बॅटरी घेऊन सगळी नळकांडी तपासायची, न उडालेला माल पाण्यात भिजवून बाजूला करायचा. पण अंधारात शेतात पडलेलं सगळं सापडत नाही. म्हणून उजाडल्यावर परत एकदा सगळं रान ओळीने चालून बघायचं. करारात हे सकाळचं चालणं लिहा, नाहीतर पार्टी रात्रीच निघून जाते.

माजी_अग्निशामक

याला माझा पूर्ण दुजोरा. आम्हाला आलेल्या भाजलेल्या पोरांच्या फोनपैकी कितीतरी दुसऱ्या दिवशी सकाळचे असायचे. पोरं न फुटलेले वेचून आणतात आणि परत पेटवतात. तपासणी होईपर्यंत त्या शेतात जनावरंही सोडू नका. रात्रभर दोन माणसं राखणीला ठेवा.

गदगेसमोर

राखणीला तालमीतली चार पोरं तयार आहेत, सगळी अठराच्या वरची. सकाळचं चालणं करारात घातलं. शेतमालकाला सांगितलंय की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बैल दुसरीकडे बांधा, आणि आदल्या दिवशी गावात दवंडी दोन्ही भाषांत फिरेल. सोमवारी अर्ज घेऊन डीसी ऑफिसला जातोय. पोच मिळाली की इथेच कळवतो. बाजूच्या दोन गावांच्या कमिट्यांनी कागदांची प्रत मागितली आहे, त्यांनाही देणार आहे.